डाव्या बाजूची धाव

१५ जुलै, मंगळवार

ही वही सासूबाईंनी दिली. चर्चच्या महिला मंडळाच्या विक्रीतली आहे, वर सूर्यफुलं आहेत. म्हणाल्या, "यव्हेट, पत्रकारांना जे जे ऐकवावंसं वाटेल ते आधी यात लिही. लिहून झाल्यावरही सांगावंसं वाटलं तर खुशाल सांग." म्हणजे माझ्या तोंडाला कुलूप लावायची ही गोड युक्ती. असो, वही छान आहे.

आज दुपारी तीनला नव्या कराराची मुदत संपली. अमेरिकन फुटबॉलच्या संघाने माझ्या नवऱ्याला, कॉर्डेलला, लांब मुदतीचा करार दिला नाही तो नाहीच. राहिला फक्त टॅग. माझ्या सलूनमधल्या बायकांना मी टॅग असा समजावते: एखादा पुरुष म्हणतो, मी काही तुझ्याशी लग्न करणार नाही, पण तू दुसऱ्या कुणाकडे बघायचंही नाहीस, एक वर्ष राहा, पुढचं पुढे बघू. एका वर्षाचे एक कोटी डॉलर मिळतात म्हणून लोक तोंड वासतात. ज्यांना वासायचंय त्यांनी वासावं. त्याच संघाने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला मात्र पाच वर्षांचा करार दिला. त्याची पांढरी पँट सामना संपेपर्यंत पांढरीच राहते, कारण त्याच्या अंगावर धावून येणाऱ्यांच्या आडवा माझा नवरा पडतो.

जनरल मॅनेजर हॅल्वर्सन पेपरात म्हणतात, "रनिंग बॅक कुठेही मिळतात. शिवाय अठ्ठाविशीनंतर त्यांच्या टायरची नक्षी झिजते." टायर! रनिंग बॅक म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. सहा वर्षांत सतराशे वेळा चेंडू पोटाशी घेऊन कॉर्डेल माणसांच्या भिंतीत घुसला, तो यांच्या लेखी टायर.

तेव्हा आमचं ठरलं, टॅगवर सही करायची नाही. आमचा एजंट लेनी म्हणाला, "सही नाही तर सराव कॅम्पला न गेल्याचा दंडही नाही. दोन आठवड्यांत त्यांना घाम फुटेल." मी कॉर्डेलला विचारलं, तुझं काय म्हणणं? तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." मैदानावर तीन-तीन जणांना फरफटत नेणारा माणूस घरी असा.

२२ जुलै, मंगळवार

कॅम्प सुरू झाला. कॉर्डेल इथे अलाबामात, आपल्या घरी, नऊ वाजेपर्यंत घोरत पडला होता. सात वर्षांत पहिल्यांदा जुलैत नवरा घरात आहे. उठल्यावर त्याने आमच्या लेकीला, मर्सीला, पॅनकेक करून दिले. निम्मे करपले, तिने सगळे खाल्ले.

मी त्याच्या फोनवरून संघाला अनफॉलो केलं आणि संघाच्या कपड्यांतले त्याचे सगळे फोटो काढून टाकले. आमच्या या धंद्यात राग असाच दाखवतात. एक अक्षर बोलायचं नाही, फोटो काढायचे. संध्याकाळी दोन वाहिन्यांवर त्याचीच चर्चा. मी खूश.

कॉर्डेलने टीव्ही बंद केला आणि मासे धरायला गेला. शीळ घालत गेला.

२६ जुलै, शनिवार

उद्याच्या चर्चसाठी मर्सीच्या वेण्या घातल्या. वेण्या मी घालते, मणी तिचे बाबा ओवतात, ती दोन वर्षांची होती तेव्हापासूनची ही वाटणी. आज त्याने मणी तीनदा सांडले. तिसऱ्यांदा तर वाटीच उलटी. मर्सी म्हणाली, "बाबा, तुम्हाला जमत नाहीये, आईला द्या." मी म्हटलं, "बसून बसून साहेबांची बोटं सोन्याची झालीत." तो हसला, पण जरा उशिरा हसला. मग उरलेले मणी त्याने एका हातानेच ओवले, दोऱ्याचं दुसरं टोक दातांत धरून. एक तास लागला.

खरं लिहायचं तर मला त्याचा थोडा राग येतोय. मी, लेनी, सासूबाई, अख्खं गाव त्याच्यासाठी भांडतंय, आणि हा अंजिरं काढतोय. चेहऱ्यावर ताण म्हणून नाही. जरा तरी दात-ओठ खावेत माणसाने.

३० जुलै, बुधवार

आज मी डोकं चालवलं. जग म्हणतंय ना पाय गेले म्हणून, मग पायच दाखवू. चर्चमागच्या लाल मातीच्या टेकडीवर कॉर्डेलला नेलं, खुंट्या रोवल्या, बगलेत चेंडू दिला आणि पळवलं. वर चढताना, उतरताना, वळणं घेत. मी स्वतः शूट केलं. काय पळतो हा माणूस! इतकी वळणं घेतली, पण चेंडू उजव्या बगलेत असा आवळलेला की जागचा तसूभर हलला नाही. मी खाली ओळ टाकली, "झिजलेले टायर बघून घ्या."

रात्रीच्या जेवणापर्यंत आठ लाख लोकांनी बघितलं. सासूबाईंच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंनीसुद्धा, आणि त्यांना फोन उघडताही येत नाही.

३१ जुलै, गुरुवार

कोच पर्विसचा फोन आला. कॉर्डेलला नाही, मला. पर्विस संघातल्या सगळ्या रनिंग बॅकना शिकवतात. वय बासष्ट. एके काळी स्वतः खेळलेत, गुडघे त्या काळातच ठेवून आलेत. आमच्या लग्नात कॉर्डेलच्या वडिलांच्या जागी तेच उभे राहिले होते. म्हणून आधी मला बरं वाटलं.

"पोरी, तो व्हिडिओ काढून टाक."

"का म्हणून?"

"काढ म्हणतो ना."

"हॅल्वर्सननी सांगितलं वाटतं फोन करायला?"

"हॅल्वर्सनला काय कळतंय व्हिडिओतलं! कॉर्डेल कसा आहे?"

"मजेत. दोन दोन ताटं जेवतोय."

मग ते म्हणाले, "तू एक कर. तो डावीकडे पळतो ना, तेव्हा नीट बघ त्याच्याकडे. बघशील?" आणि फोन ठेवून दिला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आता डावा पाय कच्चा आहे अशी कुजबुज सुरू केलीय यांनी! किंमत पाडायच्या या जुन्या युक्त्या मला ठाऊक नाहीत की काय. आणि पाडणारं कोण, तर पर्विस.

३ ऑगस्ट, रविवार

चर्चहून आल्यावर दुसरा व्हिडिओ. या वेळी फक्त डावीकडच्या धावा. दहाच्या दहा.

कॉर्डेल कुरकुरत होता. "राहू दे ना गं. झालं की एकदा."

"डाव्या पायाबद्दल बोलतायत ते."

"पाय बरा आहे माझा."

"मला माहितीय. त्यांना कळू दे."

तो बूट बांधत बसला. एरवी दोन मिनिटांत बांधतो, आज मर्सीने मदत केली तेव्हा कुठे झालं. पण पळाला झकास. दहा वेळा डावीकडे झेप, एकदाही पाय सरकला नाही. मी लिहिलं, "ही घ्या डावी बाजू. आणखी काही?" आणि थेट पर्विसना पाठवून दिला.

आता त्यांची बोलती बंद.

९ ऑगस्ट, शनिवार

सराव सामना झाला. कॉर्डेलच्या जागी एकवीस वर्षांचा नवा खेळाडू पळाला. बरा पळाला, लगेच टीव्हीवाल्यांनी हार घातले. मी दोन कप विसळताना फोडले.

एक चांगली बातमी मात्र आहे. लेनी म्हणाला, बुधवारी पर्विस हॅल्वर्सनच्या ऑफिसात तासभर बसले होते, दार लावून. नक्की आमच्यासाठी भांडले असणार. मी उगाच त्या भल्या माणसावर तोंड टाकलं. पुढच्या फोनला माफी मागेन.

१२ ऑगस्ट, मंगळवार

टॅग काढून घेतला.

सकाळी दहाला लेनीचा फोन. त्याचा आवाज ऐकूनच मी खुर्ची ओढली. सही केलेली नव्हती म्हणून दंड नव्हता, हे आम्ही सगळे घोकत बसलो. पण सही नाही म्हणजे कागद अजून त्यांचाच, कधीही परत घेता येतो, हे या खेळात सगळ्यांना माहीत असतं. लेनीला माहीत होतं, मलाही होतं. "एवढ्या चांगल्या बॅकचा कोण काढतंय?" असं आम्हीच एकमेकांना सांगत होतो. आता कॉर्डेल मोकळा आहे, कुणाकडेही जाऊ शकतो. ऑगस्टच्या मध्यावर, जेव्हा कुणाकडेच जागा नसते.

आणि सही करू नको म्हणून कोण अडून बसलं होतं? मी.

कॉर्डेलला सांगितलं. तो उठून मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. जवळ जायचा धीर होईना, खिडकीतूनच बघत राहिले. मग तो आत आला, म्हणाला, "जरा पडतो," आणि सरळ दहा तास झोपला. असा आघात झाल्यावर झोप कशी लागते माणसाला? मी दिवसभर घरात फेऱ्या मारल्या. सासूबाई म्हणाल्या, "वही भर, वही." भरतेय.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज जे कळलं ते जमेल तसं लिहिते.

लेनीने शोध काढला. टॅग काढा असं हॅल्वर्सनना सांगणारा माणूस कोच पर्विस. मी पायातली चप्पलही न काढता सलूनच्या मागच्या खोलीत गेले, फोन लावला आणि जे जे तोंडात आलं ते बोलले. लग्नात बाप म्हणून उभे राहिलात, लाज नाही वाटली, वगैरे. माझा दम संपल्यावर ते म्हणाले,

"मीच सांगितलं. झालं तुझं? आता तो व्हिडिओ लाव. डावीकडचा."

"कशाला?"

"लाव. पाय बघू नकोस. चेंडू बघ."

मी लावला.

"डावीकडे पळताना चेंडू कुठल्या हातात असतो, पोरी?"

हे मलाही माहीत होतं. सहा वर्षांच्या पोरालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात. डावीकडे पळायचं तर चेंडू डाव्या हातात, उजवीकडे तर उजव्या. चेंडू नेहमी बाहेरच्या बाजूला, म्हणजे शत्रू आणि चेंडू यांच्या मध्ये आपलं अंग. झोपेत उठवलं तरी कॉर्डेल यात चुकणार नाही.

दहा धावा. दहाही डावीकडे. आणि चेंडू दहाही वेळा उजव्या हातात.

"हात बदलतच नाहीये तो," पर्विस म्हणाले. "कारण डाव्या हाताला चेंडू जाणवतच नाहीये त्याच्या. हे मानेतून येतं. मला माहितीय. माझा एक पोरगा होता, तो असाच एका हाताने पळायचा. मी बघितलं आणि गप्प बसलो, कारण आम्हाला मोसमाच्या शेवटचे प्लेऑफ सामने गाठायचे होते. आता त्याची बायको त्याला भरवते. तुला मला शिव्या द्यायच्यात तर रोज दे. टॅग असता तर कॉर्डेल एक ना एक दिवस सही करून मैदानात आला असता. म्हणून काढायला लावला."

मणी. बुटाची नाडी. ती उलटलेली वाटी. सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मी बोटं सोन्याची झाली म्हणून हसले होते.

घरी आले. कॉर्डेल ओट्याशी उभा होता. मी त्याचा डावा हात हातात घेतला आणि करंगळीला चिमटा काढला, जोरात. त्याला कळलंही नाही. माझं तोंड बघूनच त्याला कळलं, मला सगळं समजलंय.

"कधीपासून?"

"डिसेंबर. त्या बर्फातल्या सामन्यापासून. मुंग्या येतात, मग काही जाणवत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कुणालाही कळलं असतं तर टॅग आला असता का? कोण देतंय पैसे अशा हाताला?"

"मी कुणीही आहे का?"

तो म्हणाला, "तू भांडत होतीस गं. माझी काहीतरी किंमत आहे म्हणून इतकं भांडत होतीस. तेव्हा मध्ये कुठे सांगू, माल फुटका आहे म्हणून? पण तू सही नको म्हणालीस ना, त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं! वाटलं, चला, एक आठवडा मिळाला. मग आणखी एक."

म्हणून तो शीळ घालत होता. सगळा उन्हाळा मी त्याला परत त्या भिंतीत ढकलण्यासाठी जिवाचं रान करत होते, आणि तो एक एक दिवस वाचवत होता.

२० ऑगस्ट, बुधवार

बर्मिंगहॅमला मोठ्या डॉक्टरकडे गेलो. मानेतली मज्जारज्जूची वाट त्याची जन्मापासूनच अरुंद आहे, त्यात एक चकती सरकून दाबतेय. डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी चित्र दाखवलं, पेनाने एक जागा दाखवली आणि म्हणाल्या, "इथे आणखी एक धडक बसली असती तर..." पुढचा शब्द मी या वहीत लिहिणार नाही.

मग म्हणाल्या, "पण बसलेली नाही. खेळ बंद करा. एक लहान शस्त्रक्रिया करू, हात बराचसा परत येईल. सायकल चालवा, पोहा, लेकीला खांद्यावर घ्या. शंभर वर्षं जगा."

माझा जीव भांड्यात पडला. गाडीत बसल्यावर मी इतकी रडले की कॉर्डेलने माझ्या हातून किल्ली काढून घेतली. मग रस्त्यात थांबून तळलेला कॅटफिश खाल्ला, गाडीतच, कागदातून. मी तीन तुकडे खाल्ले. गेले चार महिने मला धड भूक लागत नव्हती, हेही मला आजच कळलं.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "हे देवा, झालं एकदाचं." आणि आत जाऊन अर्धा तास बाहेर आल्या नाहीत.

पर्विसना फोन केला. म्हटलं, "कोच, जेवायला कधी येता?"

"अजून शिव्या उरल्यात का?"

"उरल्यात थोड्या. जेवणानंतरच्या गोड पीच कॉब्लरबरोबर देईन."

"मग येतो," ते म्हणाले.

७ सप्टेंबर, रविवार

मोसमाचा पहिला सामना. शस्त्रक्रिया होऊन दहा दिवस झालेत, कॉर्डेल मानेला पट्टा लावून सोफ्यावर राजासारखा बसला होता. नव्या पोराला ओरडून ओरडून सल्ले देत होता. मी प्रत्येक वेळी तो पोरगा पडला की स्वयंपाकघरात पळायचे. शेवटी कॉर्डेल म्हणाला, "अगं, तो मी नाहीये." म्हटलं, कुणाचा तरी आहेच ना तो.

हॅल्वर्सन टीव्हीवर म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो, रनिंग बॅक कुठेही मिळतात." आज मला रागही आला नाही. मिळू देत.

३० सप्टेंबर, मंगळवार

ज्या फोनसाठी मी सगळा उन्हाळा जागची हलले नव्हते, तो आज आला.

लेनी होता. धापा टाकत बोलत होता. पश्चिमेकडच्या एका संघाचे दोन्ही रनिंग बॅक एकाच रविवारी जायबंदी झालेत. संघ जिंकतोय, त्यांना मोसमाच्या शेवटच्या सामन्यांसाठी अनुभवी माणूस हवाय. दोन वर्षांचा करार, बहुतेक पैसे आधीच पक्के. आकडा सांगितला. टॅगच्या दुपटीहून जास्त.

मी फोन स्पीकरवर टाकला. कॉर्डेल चुलीपाशी होता, मक्याच्या कण्यांचे ग्रिट्स ढवळत. डाव्या हाताने ढवळत होता.

"लेनी, त्याच्या मानेचं तुला माहितीय," मी म्हटलं.

"माहितीय. पण त्यांना नाही. पर्विसने हॅल्वर्सनला एवढंच सांगितलं होतं की हा आता पूर्वीसारखा नाही. ते गुडघे तपासतील, सगळे गुडघेच तपासतात. अर्जात जुनं दुखणं लिहायची एक जागा असते. काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. दोन महिन्यांत उभा राहील ना तो? दोन महिन्यांनी येऊ दे. मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही."

खोटं कशाला लिहू? आकडा ऐकल्यावर एक क्षण माझ्या मनात मर्सीचं कॉलेज आलं, सासूबाईंचं छप्पर आलं, आणि हॅल्वर्सनचा पडलेला चेहराही आला. तो चेहरा तर फारच छान दिसला. हीच ती किंमत. मीच म्हणत होते ना, याची एवढी किंमत आहे म्हणून? शेवटी कुणीतरी मोजायला तयार झालं होतं.

मग मी कॉर्डेलकडे बघितलं. त्याने ढवळणं थांबवलं होतं. तो माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या तोंडावर ना हो होतं, ना नाही. मी हो म्हटलं असतं तर तो गेला असता. खरंच गेला असता, एक शब्द न बोलता.

"लेनी," मी म्हटलं, "त्या जागेत मान लिही. डॉक्टरबाईंचा अख्खा कागद जोड. आणि मग विचार त्यांना, किती देता."

"मग ते काहीच देणार नाहीत, यव्हेट."

"मग झालं तर. विषय संपला."

"अगं, एवढे पैसे..."

"लेनी, तुझी भाजी जळतेय," कॉर्डेल म्हणाला आणि फोन बंद केला. जळत होते ते आमचेच ग्रिट्स. त्याने भांडं खाली उतरवलं, खुर्चीत बसला आणि मोठ्याने हसायला लागला. हसता हसता रडायला लागला, मग मीही. सासूबाई काय झालं म्हणून धावत आल्या, तर आम्हा दोघांना धड सांगता येईना.

करपलेल्या ग्रिट्सवर लोणी घालून तिघांनी खाल्लं. मग मर्सीची शाळा सुटायची वेळ झाली, तिला आणायला आज दोघंही गेलो.